दरड बघायला आलेले पाहुणे

मला ‘जबाबदार पर्यटक’ बनवण्याचं श्रेय माझ्या नवऱ्याचं. अरविंद निवृत्त झाल्यापासून सकाळचा चहा आणि फोन बरोबरच घेतो. असाच एकदा त्याला कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या एका सहलीची जाहिरात दिसली. दरडीने उद्ध्वस्त झालेल्या वाडीत राहायचं, तिथल्या लोकांच्या हातचं जेवायचं आणि आपल्या राहण्या-जेवण्यातून त्यांचा संसार पुन्हा उभा करायचा, असा बेत होता. जाहिरातीत एक बाई चुलीपुढे बसून हसत होती. खाली लिहिलं होतं, ‘इथे तुम्ही पाहुणे नसता, तुम्ही बदल असता.’

ते वाक्य वाचूनच मी नको म्हणाले होते. मी सांगलीची. आमच्या तळमजल्यात कृष्णेचं पाणी शिरलं तेव्हा आम्हालाही बघायला माणसं आली होती. एका गृहस्थांनी माझ्या हातात बिस्किटांचा पुडा दिला, पण सोडला नाही, कारण फोटो काढणाऱ्याची तयारी झाली नव्हती. तो पुडा आम्ही दोघं बराच वेळ धरून उभे होतो. त्यामुळे दुसऱ्याचं नुकसान बघायला जाण्याची मला मुळातच हौस नाही. पण अरविंद म्हणाला, “अगं, या माणसांना खरंच पैसे मिळतात. नुसती कीव करून काय होतंय?” त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. म्हणून गेलो.

वाडीचं नाव मी लिहिणार नाही. काळी नदीच्या खोऱ्यात, जोयड्याच्याही आत, डोंगराच्या कुशीत आहे, एवढं पुरे. ज्याला मनापासून जायचं असेल त्याला विचारत विचारत पोचता येईल.

रामनगर

बेळगाव, खानापूर करत आम्ही सकाळी रामनगरला उतरलो. पुण्याहून येणारी बाकीची मंडळी इथेच आम्हाला गाडीत घेणार होती. मला रामनगर आवडलं. गोव्याकडे जाणारे ट्रक, पत्र्याची दुकानं, कन्नडमधल्या पाट्यांखाली मराठीत चाललेलं भांडण, कढईतली मिरची भजी. भजी तळणाऱ्या म्हाताऱ्याला मी गाव विचारलं, तर म्हणाला, “आमचं गाव सुप्याच्या पान्याखाली हाय. धरण झालं, आमाला हितं आणून सोडलं. माझा जन्म तिथला, भजी हितली.” भजी झाऱ्यावर निथळत ठेवून त्याने हे सांगितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

एवढ्यात गाडी आली. सहल काढणारा तन्मय खाली उतरला. तिशीचा, खादीचा कुडता, पायात चामड्याच्या चपला, आवाज इतका मऊ की आपणच कानाजवळ जावं. मी त्याला म्हटलं, इथे थोडं थांबू या, हे गावच धरणामुळे उठलेल्या माणसांचं आहे. त्याने ट्रकांकडे, पत्र्यांकडे आणि चिखलात बसलेल्या कुत्र्याकडे नजर टाकली. “हो, ते आहेच,” तो म्हणाला, “पण इथे तो फील येत नाही.”

म्हणजे आपत्ती नुसती असून चालत नाही. तिच्यामागे हिरवा डोंगर लागतो आणि पुढे चूल लागते. रामनगरच्या माणसांनी आपली आपत्ती ट्रकच्या रस्त्यावर मांडली, ही त्यांची चूक.

वाडी

जोयड्याच्या पुढे रस्ता रानात शिरला. वर धनेशाची जोडी पंखांचा भाता करत गेली, आणि गाडीतल्या सगळ्यांनी ती फोनच्या काचेतून पाहिली. गाडीत आमच्याखेरीज सहा जण होते. त्यातल्या मृणालताईंचंच नाव मी लिहिते, कारण पुढे त्यांचा संबंध येतो. त्या माझ्याच वयाच्या, मोठ्या मनाच्या आणि सतत भारावलेल्या होत्या. रस्त्यात गवा दिसला तर त्या भारावल्या, आणि तो गवा म्हणजे म्हैस निघाली तेव्हाही भारावल्या.

वाडीच्या अलीकडे ओढा होता. त्यावरचा साकव दरडीबरोबर वाहून गेला होता आणि आता दोन पोफळी आडव्या टाकल्या होत्या. तन्मयने सगळ्यांना चपला काढून, श्वासाकडे लक्ष देत ओलांडायला सांगितलं. अरविंद श्वासाकडे लक्ष देत असताना त्याचा पाय सटकला आणि तो कमरेपर्यंत ओढ्यात गेला. पौषातलं पाणी बर्फासारखं होतं. पलीकडे उभ्या असलेल्या एका काटक माणसाने उडी मारून त्याला वर ओढलं. तो महादेव वेळीप. त्याच्याच घरी आमचा मुक्काम होता.

घर जाहिरातीतल्यासारखंच होतं. मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, गवताचं छप्पर, कोनाड्यात कंदील. अरविंदचे दात वाजत होते. तन्मय म्हणाला, “काका, चुलीजवळ बसा, तो इथला अनुभवच आहे.” महादेवने अरविंदचा दंड धरला, परसातला बांबूचा तट्टा बाजूला सारला आणि त्याला पलीकडे घेऊन गेला. मी मागोमाग गेले.

तट्ट्याच्या मागे सिमेंटचं पक्कं घर होतं. पत्र्याचं छप्पर, गुलाबी रंग, ट्यूबलाइट, पंखा, टीव्ही. महादेवची बायको सुभद्रा दारातच उभी होती. चाळिशीची, सावळी, नाकात चमकी, जाहिरातीतली तीच बाई. फक्त इथे हसत नव्हती. आम्हाला बघून ती क्षणभर चपापली, मग आत जाऊन तिने बादलीत गरम पाण्याचा रॉड लावला.

“हे घर दरडीनंतर सरकारनं दिलं,” महादेव अरविंदला स्वतःची लुंगी देत म्हणाला. “आमी हितंच ऱ्हातो. ते मातीचं पाव्हन्यांसाठी बांधलं. तन्मयसाहेब म्हन्ले, पक्कं घर दिसलं तर लोकांचं मन मोडतंय. म्हणून तट्टा लावला.”

“मग कंदील?” मी विचारलं.

“लाईट तिकडं बी हाय की. बटन कोनाड्यात, कंदिलाच्या मागं.”

म्हणजे ज्यांचं घर दरडीने नेलं ती माणसं पंख्याखाली झोपत होती, हे बरंच होतं. पण त्यांनी ते लपवायचं होतं, आणि मी पैसे भरून डासांत झोपायचं होतं, कारण त्यांचं बरं चाललेलं कोणाला बघवणार नव्हतं. आमच्या सांगलीत पूर ओसरल्यावर ज्याच्या घरात आधी फ्रीज आला त्याच्याकडे सगळी गल्ली दूध ठेवायला गेली. फ्रीज झाकून ठेव, असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

दुपारचं जेवणही तन्मयनेच ठरवलेलं होतं. केळीच्या पानावर बिनतेलाचं, बिनतिखटाचं काहीतरी वाडगाभर आलं. त्याला तो ‘मिलेट बाऊल’ म्हणत होता. त्यात नाचणी होती हे चवीवरून कळलं नाही, त्याने सांगितलं म्हणून कळलं. तट्ट्यामागून मात्र लसणाच्या फोडणीचा वास येत होता. लुंगी नेसलेला अरविंद तिकडे गेला तो बराच वेळ परतला नाही. आला तेव्हा त्याच्या मिशीला कोकम कढी लागली होती.

शेकोटी

दिवेलागणीला अंगणात शेकोटी पेटली. तन्मयने सगळ्यांना गोल बसवलं आणि सुभद्राला मधे बोलावलं. “आता सुभद्राताई तिचा प्रवास शेअर करेल,” तो म्हणाला. ती त्याच्याहून दहा वर्षांनी तरी मोठी असेल.

सुभद्रा आगीकडे बघत बोलू लागली. आवाज सपाट होता, पाढे म्हणावेत तसा.

“आषाढ व्हता. पाऊस थांबेना. डोंगरातनं आवाज आला, गाड्या उलटल्यागत. आमी पोरास्नी घेऊन वर देवळात पळालो. सासरा म्हन्ला, म्हशी बांधलेल्या हायत, सोडून येतो. आमी नगं म्हटलं. तो गेला. मग डोंगर खाली आला. म्हशी आल्या. तो न्हाई आला.”

आगीत एक ओलं लाकूड फुसफुसत होतं. मग तन्मय म्हणाला, “आणि आज तीच सुभद्राताई आपल्यासारख्या ट्रॅव्हलर्समुळे ताठ उभी आहे.” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खोटं सांगत नाही. एक माणूस मातीखाली गेला, आणि टाळ्या पडल्या.

मृणालताई डोळे पुसत म्हणाल्या, “ताई, माझा फोन मधेच बंद पडला हो. म्हशींपासून परत सांगाल? फक्त म्हशींचा भाग.”

सुभद्राने त्यांच्याकडे पाहिलं. तिला बहुधा वाटलं की आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

“एकदाच, ताई,” तन्मय म्हणाला. “थोडं सावकाश सांग.”

“भात लागायलाय,” सुभद्रा म्हणाली आणि उठून तट्ट्याआड गेली.

मी तिच्यामागे गेले. भात अजून चुलीवर चढलाही नव्हता. ती तांदूळ धुवत होती, पाणी स्वच्छ आलं तरी धुवत होती. मी शेजारी बसले. लसूण सोलायला घेतला.

“दर खेपेला सांगते मी, अक्का,” ती म्हणाली. “पयल्यांदा सांगितलं तवा लई रडले. साहेब म्हन्ले, चांगलं झालं. आता रडू येत न्हाई. पर दुसरंच झालंय. सासऱ्याला आठवायला गेलं की त्याचं तोंड येत न्हाई डोळ्यापुढं. ह्येच बोल येतात. म्हशी आल्या, तो न्हाई आला. ह्येच. तोंड गेलं त्याचं.”

“मग सांगू नका,” मी म्हणाले.

“आणि मान्सं यायची थांबली तर?” तिने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. “भाताची जमीन सगळी दगडाखाली हाय. रानातलं काम कधी मिळतंय, कधी न्हाई. साहेबांच्या पाव्हन्यांवर पोरगी शिकायलाय हल्याळला. काय करू?”

‘सांगू नका’ म्हणायला माझं काहीच जात नव्हतं. मी लसूण सोलत राहिले. अंगणात कोणीतरी गिटार काढली होती.

कठडा

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘दरड-दर्शन’ होतं. हा शब्द माझा नाही, कार्यक्रमपत्रिकेतला आहे. डोंगराचा एक अख्खा खांदा तांबडाभडक सोलून निघाला होता. त्याच्या पायथ्याशी, जिथे पूर्वी शेतं होती, तिथे घरांएवढे धोंडे पडले होते. समोर बांबूचा कठडा असलेला एक लाकडी मंच बांधला होता, उभं राहून बघायला आणि फोटो काढायला. साकवाचं काम दोन पोफळींवर भागलं होतं, पण मंच मात्र भक्कम होता.

महादेवने धोंड्यांकडे बोट करून घर कुठे होतं ते दाखवलं. तन्मयने त्याला जरा डावीकडे सरकून पुन्हा दाखवायला सांगितलं, उजेडासाठी. महादेव सरकला.

तेवढ्यात सुभद्रा आणि वाडीतल्या दोघी-तिघी डोक्यावर न्याहारीची भांडी घेऊन आल्या. त्यांनी भांडी मंचावर ठेवली. सगळ्यांच्या हातात पानं गेली. मी उकडलेल्या कंदाचा पहिला घास तोंडात घातला होता, त्यामुळे पुढच्या गोष्टीचं कसलंही श्रेय मला नाही.

सुभद्रा तन्मयपुढे उभी राहिली. “साहेब, आजपासनं ते सांगायचं न्हाई आमी. जेवायला घालतो, कंद दावतो, रान दावतो, मध कसा काढतात ते दावतो. मेल्यालं मानूस दावणार न्हाई.”

तन्मय हसला. त्याचा आवाज आणखी मऊ झाला. “ताई, तुला त्रास होतोय, मी समजू शकतो. पण लोक त्या गोष्टीशीच कनेक्ट होतात. भात आणि कंद सगळीकडे मिळतात.”

“मग सगळीकडं जाऊ देत,” सुभद्रा म्हणाली.

महादेव तिच्याजवळ गेला आणि कोकणीत काहीतरी चढ्या सुरात बोलला. ती त्याला एकच वाक्य बोलली. तो मागे सरला, पण त्याचा चेहरा उतरला. अडचण मलाही दिसत होती. ही बाई आपल्या घरची मिळकत सगळ्यांसमोर ओढ्यात सोडून देत होती, आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या बायकांच्या चेहऱ्यावरही भीतीच होती, कारण त्यांच्याही घरी तन्मयचेच पाहुणे उतरत.

तन्मयने भांडण केलं नाही. तसली माणसं भांडत नाहीत. त्याने मंचाखाली उतरून फोन लावला. परत आला तो म्हणाला की इथली ऊर्जा आज जरा जड आहे, तेव्हा दांडेलीच्या बाजूला नदीकाठच्या एका रिसॉर्टमध्ये दुपारपासून सोय केली आहे, राफ्टिंगसुद्धा आहे. बदल बनून आलेली माणसं बॅगा भरायला गेली. मृणालताई जाताना सुभद्राला मिठी मारून म्हणाल्या, “खूप स्ट्राँग आहात तुम्ही.” सुभद्राचे दोन्ही हात खरकट्या पानांनी भरलेले होते, ते तिने तसेच बाजूला धरले.

आम्ही दोघं राहिलो. धैर्य वगैरे काही नाही. अरविंदची पँट वाळली नव्हती, आणि मला राफ्टिंगचा कंटाळा आहे.

कंद

गाडी गेल्यावर वाडी शांत झाली, पण ती सुखाची शांतता नव्हती. महादेव बायकोशी बोलेना. पहार घेऊन तो शेताकडे गेला. थोड्या वेळाने आम्हीही तिकडे गेलो.

धोंड्यांच्या पलीकडे दरडीबरोबर आलेल्या मऊ मातीचा पट्टा होता. भात तिथे टिकत नाही, पाणी धरत नाही, म्हणून आदल्या वर्षी सुभद्राने हट्टाने तिथे मुडली लावली होती. मुडली म्हणजे अळूच्या जातीचा कंद. सैल माती मिळाल्याने तो असा माजला होता की महादेवने पहारीने उकरून वर काढलेला एकेक गड्डा मांडीएवढा होता. अरविंदने मदत करायला जाऊन एक गड्डा मधोमध फोडला. महादेवला हसू आलं, ते त्याने लपवलं.

“माझा बाप व्हता तो,” तो एकदम म्हणाला. “तिचा सासरा. पर तिलाच सांगायला लावत व्हते. बाईनं सांगितलं की लोक रडतात म्हणे. मी तिथं असायचो, लाकडं सारायला.” त्याने पहार पुन्हा मातीत रोवली. “आता फुडं काय, त्ये ठाऊक न्हाई. राग हाय मला तिचा. पर सांगायचं बंद झालं, ह्ये बरं झालं.”

त्या संध्याकाळी आम्ही तट्ट्याच्या आतल्या बाजूला जेवलो. मुडलीचे जाड काप, मीठ-मिरची लावून, रव्यात घोळवून तव्यावर खरपूस भाजलेले. नाचणीची भाकरी. कोंबडीचा पातळ, झणझणीत रस्सा. टीव्हीवर कन्नड मालिका चालू होती आणि सुभद्रा मधेमधे तिचं भाषांतर करत होती: ही सासू वाईट, तो नवरा बावळट. महादेव तिच्याशी अजून बोलत नव्हता, पण भाकरी तिच्याकडेच मागत होता. आमच्या घरीही भांडण मिटायला जेवणापासूनच सुरुवात होते.

निघताना सुभद्राने कंदांची पिशवी दिली आणि अरविंदला ओढा ओलांडताना खाली बघत चालायला सांगितलं, श्वासाकडे नको.

त्यानंतर

गोष्ट इथे संपवली तर तुम्हाला बरं वाटेल, पण ती इथे संपली नाही. तन्मयची गाडी त्या वाडीत पुन्हा आली नाही. त्याने पलीकडच्या खोऱ्यात दुसरी वाडी शोधली. तिथेही दरड आहे आणि बोलणारी म्हातारी आहे, असं कळलं. सुभद्राकडे बरेच आठवडे कोणी फिरकलं नाही. शेजारच्या घराने पाहुण्यांची खोली बंद केली आणि त्यांचा मुलगा गोव्याला बांधकामावर गेला. त्या घरची माणसं सुभद्राला अजूनही दोष देतात, आणि तो खोटा आहे असं मला म्हणता येणार नाही. मंचावर आता शेळ्या बसतात.

मग हळूहळू खानापूरची, बेळगावची कुटुंबं येऊ लागली, कोणी कोणाला सांगितलं म्हणून. त्यांना डोंगराची कहाणी नको असते. त्यांना कोंबडीचा रस्सा, मुलांना पोहायला ओढा आणि झोपायला पंखा हवा असतो. तट्टा काढून टाकला. पाहुणे आता गुलाबी घरातच झोपतात. कंद न्यायला लोक गाडीची डिकी रिकामी घेऊन येतात. तेवढ्याने संसार पूर्वीसारखा झाला का? नाही. महादेव अजूनही मिळेल तेव्हा जंगलाच्या कामाला जातो. पण मुलगी हल्याळलाच शिकते आहे.

वैशाखात मी सुभद्राला फोन केला. माझ्या बहिणीला धबधबे बघायची हौस, तिला घेऊन श्रावणात येऊ का, असं विचारलं.

“दिवाळीनंतर यावा, अक्का,” ती म्हणाली. “कवाबी यावा. पर पावसात आमी कुणाला घेत न्हाई.”

मला वाटलं रस्त्याचं कारण असेल. तसं मी म्हणालेही, की रस्ता खराब असेल तर जपून येऊ.

“रस्त्याचं न्हाई,” सुभद्रा म्हणाली. “पावसात आमाला रातभर डोंगराकडं कान लावून बसावं लागतंय. पाव्हनं असलं की त्यास्नी आमचं भ्या दावता येत न्हाई.”